टेकडीवरचा नळ

माझं माहेर पेठ गावचं, डोंगरातलं. उन्हाळ्यात तिथे पाण्याचे हाल असत, पण ते सगळ्यांचेच हाल. माझं लग्न नाशकात ठरलं तेव्हा आई म्हणाली, "गंगेच्या काठी चाललीस बाई, आता पाण्याला काय तोटा!" नाशकात गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पण आई बिचारी आमची टेकडी कधी चढली नव्हती. गंगा खाली आणि आमची आळी वर, मधे नुसत्या पायऱ्या. टेकडीवर आड खणला तर खडक लागे, पाणी लागत नसे.

तिसाच्या सालानंतरची ती वर्षं. घरात माणसं मोजकी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. हे शाळेत शिकवायला जात. आणि आत्याबाई. मामंजींची धाकटी बहीण. लहानपणीच कपाळ पांढरं झालं, तेव्हा सासरच्यांनी तिला कोठीघरात टाकली होती. मामंजी बैलगाडी घेऊन गेले, भांडले आणि बहिणीला घेऊन आले. ही गोष्ट त्या मला दर महिन्याला एकदा तरी सांगायच्या आणि दर वेळी डोळे पुसायच्या. दादा म्हणेल ती पूर्व. दादा दिवसाला रात्र म्हणाला असता तर आत्याबाईंनी दिवा लावला असता.

वापरायचं पाणी मी आणि मोलकरीण खालच्या आळीतल्या आडावरून आणत असू. प्यायचं आणि सोवळ्यातलं पाणी मात्र गंगेचं, आणि ते आत्याबाईंचं काम. पहाटे नदीवर जायचं, अंघोळ करायची आणि ओलेत्याने घागर भरून वर यायचं. मग पुन्हा खाली. लाल आलवण अंगाला चिकटलेलं, कमरेवर घागर, हातात कळशी. दारात आल्या की म्हणायच्या, "सरा गं, शिवू नका." दम लागलेला असायचा, पण आवाजात तोरा असायचा. ते पाणी त्यांचं होतं, सगळं घर ते प्यायचं आणि मामंजी दुपारी फुलपात्र तोंडाला लावून म्हणायचे, "गंगेच्या पाण्याला तोड नाही. आणि फुकट!"

फुकट! मला त्या शब्दाचा इतका राग यायचा म्हणून सांगू. पाणी फुकट होतं, कारण आत्याबाई फुकट होत्या. पण नव्या सुनेने हे बोलायचं कुठे? पोळपाटावर लाटणं आपटायचे, दुसरं काय.

तर एका वर्षी बातमी आली की मुनशिपालटी आमच्या टेकडीवर नळ आणणार. खाली बाजारपेठेत नळ होतेच, आता टाकी बांधून पाणी वर चढवायचं आणि आमच्या पारापाशी सार्वजनिक तोटी बसवायची. मात्र टेकडीवरच्या घरमालकांना पाणीपट्टी भरावी लागेल. आळीत एकच कालवा. मी तर मनातल्या मनात नाचले. लोकांचं भलं होईल म्हणून नव्हे हो. आत्याबाईंचे गुडघे आताशा कुरकुरायला लागले होते आणि त्यांच्यामागून ती घागर कोणाच्या कमरेवर येणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा मी एक गंमत पाहिली. ज्याला त्याला नळाबद्दल मत होतं आणि ते मत त्याच्या त्याच्या उंबऱ्यातून बाहेर पडत होतं. भाडेकरूंना नळ हवा, कारण पट्टी मालक भरणार. मालकांना नको, अगदी त्याच कारणाने. समोरच्या मास्तरांना हवा. त्यांची बायको बाळंतपणापासून अंथरुणाला खिळली होती आणि मास्तर स्वतः धोतर खोचून घागरी वाहत होते. खालचे सराफ, ज्यांच्या दारात नळ होऊन जमाना झाला होता, ते म्हणत, "इतकी वर्षं चाललंच ना तुमचं टेकडीवर? उगाच खर्च कशाला काढायचा?"

या सगळ्यांत एकच माणूस सरळ बोलला, तो भिस्ती. पाठीवर चामड्याची पखाल घेऊन गरिबांच्या आणि मुसलमानांच्या घरी पाणी विकायचा. आमच्या ओट्यावर बैठक बसली तेव्हा तोही खाली उभा होता. मामंजींना म्हणाला, "रावसाहेब, मला नळ नको. माझ्या पोटावर पाय येतो. खरं ते सांगतो, लाज कसली? पन तुमचं काय जातंय?"

लोक हसले. मामंजी हसले नाहीत.

मी दाराआड उभी होते, आत्याबाई माझ्या मागे वाती वळत बसल्या होत्या. मामंजींनी सुरुवात पट्टीपासूनच केली. पेन्शनीत भागवणारा माणूस, दर वर्षी नवा कर, सरकारला लोकांचे खिसे तेवढे दिसतात, वगैरे. मास्तर गरीब माणूस, कधी वर मान करून बोलत नसत, पण त्या दिवशी पेटले. म्हणाले, "रावसाहेब, राग मानू नका, पण आपलं पेन्शन काय आभाळातून पडतं? ते आमच्यासारख्यांच्या करातूनच येतं ना?"

अगं बाई! मी तोंडाला पदर लावला. ओट्यावर कुजबुज झाली. मामंजींचा चेहरा असा झाला की जणू पानात चुना जास्त लागलाय. "पेन्शन माझ्या नोकरीचं आहे," ते म्हणाले, "त्याचा इथे काय संबंध?" पण डाव हातातून चालला होता आणि ते त्यांना कळत होतं. मग त्यांनी सुपारी कातरली, अडकित्ता खाली ठेवला आणि आवाज एकदम खाली आणला.

"पैशाचं सोडा हो. नळाच्या तोटीत काय असतं, ठाऊक आहे का कोणाला? चामड्याचा वायसर असतो, चकती. चामडं! त्यातून आलेलं पाणी देवाला घालायचं? पितरांना द्यायचं?"

आणि मग मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. मालक लोकांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला. इतका वेळ त्यांना पट्टी नको होती आणि तसं म्हणायला थोडं अवघड वाटत होतं. आता धर्म नको म्हणत होता. जो तो मान डोलवायला लागला. तिथल्या तिथे नळ नको असा अर्ज ठरला. मास्तर खाली मान घालून घरी गेले. भिस्ती आपल्या पखालीकडे बघून म्हणाला, "चला, आपल्या चामड्याला कोनी काय बोललं नाय, बरं झालं," आणि गेला.

मी आत वळले तर आत्याबाई वाती वळायच्या थांबल्या होत्या. "ऐकलंस ना पोरी," त्या म्हणाल्या, "दादाला किती बारीक बारीक माहिती असते! आपल्याला कोण सांगणार होतं?"

संध्याकाळी हे शाळेतून आले. मी सगळं सांगितलं. हे इतके हसले की ठसका लागला. "अगं, बाबा कचेरीत उभा जन्म नळाचंच पाणी प्यायले," म्हणाले. "तिथे काय गंगा वाहत होती?"

अर्जाचं काय झालं कोण जाणे. नळ आला. टाकी झाली, खांब उभा राहिला, तोटी बसली आणि पट्टीही लागली. पहिले चार दिवस तिथे फक्त भाडेकरू. मग एका मालकाची मोलकरीण दिसली, "कपडे धुवायला हो, प्यायला नाही." मग भांडी घासायला. मग अंघोळीला. मग एके दिवशी सगळ्यात सोवळ्या घराचा हंडा रांगेत दिसला आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही. आमच्याकडे मामंजींनी स्वतःच तोंड फोडलं. "पट्टी भरतोच आहोत, तर मग पाणी काय सोडून द्यायचं?" म्हणाले. चामडं कुठल्या कुठे वाहून गेलं. भिस्तीला मुनशिपालटीने रस्त्यावर पाणी मारायच्या कामावर घेतलं, तेव्हा तोही म्हणायला लागला, "नळ लय चांगली चीज हाय."

आळीत एकच बाई राहिली जी नळाला शिवली नाही. आमच्या आत्याबाई.

"दादा म्हणाला ना चामडं आहे," एवढंच त्यांचं उत्तर. बाकीचे पितात ते आपल्या पापाने पितात. दादा स्वतः पितो, असं मी म्हटलं की, "तो पुरुष माणूस, त्याला चालतं. मी सोवळ्यात आहे. मी विधवा बाई, माझ्याकडे आणखी काय आहे सांभाळायला?" असं म्हणून पहाटे पुन्हा घागर घ्यायच्या. पारापाशी तोटी वाहत असायची, बायका हसत-खिदळत भरत असायच्या आणि त्यांच्या बाजूने आत्याबाई ओलेत्याने, एक हात गुडघ्यावर दाबत, वर चढत असायच्या. बायका बाजूला सरायच्या. काहीजणी नमस्कार करायच्या. मला रडू यायचं आणि संतापही यायचा. जळलं मेलं ते सोवळं!

श्रावणात गंगा गढूळ झाली. आत्याबाई गढूळ पाणी वर आणायच्या, तुरटी फिरवून ते निवळायची वाट बघत बसायच्या. दारात स्वच्छ पाणी आणि घरात चिखल निवळतोय. तोपर्यंत मला दिवस गेले होते. मी घागर घ्यायला गेले तर अंगावर ओरडल्या, "खबरदार! पोटुशी बाई पायऱ्यांवर नको." त्यांचा गुडघा आता चांगलाच सुजला होता. रात्री एरंडाचं पान शेकून बांधायच्या आणि पहाटे सोडून टाकायच्या.

मामंजींना दिसत नव्हतं असं नाही. एकदा घसा खाकरून म्हणाले, "अगं, नळाचं पाणीही गंगेचंच आहे. वरच्या अंगाला नदीतूनच तर घेतात."

"गंगेचं आहे रे दादा, पण चामड्यातून येतं ना?"

मग मामंजी म्हणाले, "मी पाणक्या लावतो. ब्राह्मणच बघतो."

"नको नको. त्याला पैसे कशाला द्यायचे? मी आहे ना."

मी पोळ्या लाटत होते. हात थांबला माझा. मामंजींच्या काटकसरीची सगळ्यात जास्त काळजी याच बाईला होती, पाहा! मामंजी तोंड फिरवून बाहेर गेले. एक वाक्य बोलले असते तर काम झालं असतं. पण ते चामड्याचं बोलणं चारचौघांत उच्चारलेलं होतं, आणि धर्माच्या नावाने उच्चारलेलं होतं. परत घ्यायचं म्हणजे मास्तरांसमोर, सगळ्या आळीसमोर आपण पट्टी चुकवायला देवाला पुढे केला, हे कबूल करायचं. घरातल्या घरात बोलले असते तरी बहिणीसमोर ते दादा उरले नसते. हे मला आता कळतं. तेव्हा नुसतं चिडायला येत होतं.

एक दिवस मी बोललेच. मामंजी जेवायला बसले होते. मी भात वाढताना म्हणाले, "मामंजी, तो वायसर तुम्ही कधी उघडून पाहिला होता का?"

हातातला घास हातात राहिला. सुनेने सासऱ्याला असं विचारायची ती रीत नव्हती. ह्यांनी माझ्याकडे डोळे मोठे केले. मामंजी पानाकडे बघतच म्हणाले, "सूनबाई, आमटी वाढा."

त्यानंतर आठवडाही झाला नसेल, आत्याबाई पायऱ्यांवरून घसरल्या. चार माणसांनी उचलून आणलं. घागरीला मोठा पोचा पडला होता आणि गुडघा डोळ्यांनी बघवत नव्हता. हाडवैद्य आला, पट्ट्या बांधल्या, हलायचं नाही म्हणून बजावून गेला. आत्याबाई कण्हत नव्हत्या. त्यांची चिंता वेगळीच. "आता पाण्याचं कसं?" मी नळाचं पाणी पुढे केलं, त्यांनी मान फिरवली. आदल्या दिवशीचं गंगेचं कळशीभर होतं, तेच घोट-घोट पुरवायला लागल्या. तापाने ओठ सुकलेले. मी विनवण्या केल्या, ह्यांनी केल्या. "दादाने सांगितलंय ते मी मोडू का?" म्हणायच्या. आणि दादा माजघराच्या खांबाला टेकून उभे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर पोचा पडलेली घागर जागेवर नव्हती. मामंजीही नव्हते.

मी दारात जाऊन उभी राहिले. उजाडलं तसे ते दिसले. ओलं धोतर, खांद्यावर घागर, एका हाताने भिंत धरलेली. जन्मात कधी घागर उचलली नव्हती त्या माणसाने. दर पावलाला पाणी हिंदकळून पाठीवरून ओघळत होतं. अर्ध्यावर आले आणि मटकन पायरीवर बसले. भिस्ती कामावर निघाला होता, तो धावला. "द्या इकडं रावसाहेब, मी नेतो," म्हणून हात पुढे केला, आणि मग आपणच मागे घेतला. "नाय, माझा हात नाय चालायचा तिला," म्हणाला. नुसता शेजारी उभा राहिला, मामंजी पुन्हा उठेपर्यंत. मामंजी त्याच्याकडे बघत होते.

घरात आले तेव्हा घागर निम्मी झाली होती. आत्याबाई उठू बघायला लागल्या. "दादा, अरे तू कशाला गेलास? बघ किती दमलास!"

मामंजी त्यांच्या चटईपाशी खाली बसले. छाती भात्यासारखी चालली होती. "तू रोज दोनदा जायचीस?" त्यांनी विचारलं.

"रोज दोनदा. सणावारी जास्ती," आत्याबाई सहज म्हणाल्या.

मी परातीत पीठ घेऊन तशीच उभी. मग मामंजी बोलले, आणि इतकं हळू बोलले की मला पुढे यावं लागलं.

"त्या दिवशी ओट्यावर मी चामड्याचं बोललो ना, ते धर्माचं नव्हतं. मला पट्टी भरायची नव्हती. कचेरीत मी कायम नळाचंच प्यायलो. मला वाटायचं, घरात पाणी येतंय, मग नळाला पैसे कशाला द्यायचे."

मला वाटलं, आता आत्याबाई आक्रोश करतील. आयुष्यभर ज्याच्या शब्दावर चालली, तो शब्द हा! पण त्या दादाकडे बघतच नव्हत्या. कोपऱ्यातल्या त्या पोचा पडलेल्या घागरीकडे बघत होत्या. हरवलेली वस्तू कुठे ठेवली होती ते आठवावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

"म्हणजे इतकी वर्षं पट्टी मीच भरत होते म्हण की," त्या म्हणाल्या.

रागाने नाही हो. रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. मामंजींनी त्यांच्या चटईच्या काठावर डोकं ठेवलं आणि लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हाही ते रडले नव्हते, असं हे सांगतात. आत्याबाईंनी हात लांब करून त्यांच्या ओल्या टकलावरून फिरवला. "उगी, उगी दादा. तू मला गाडी घेऊन न्यायला आला होतास, ते का मी विसरले?" आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, नळाचं आण बघू फुलपात्रभर. घसा कोरडा पडलाय."

मी पिठाच्या हातानेच धावले. त्यांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला. "गोड आहे की गं," म्हणाल्या. "मी आपली उगाच."

गुडघा काही सुधारला नाही. ताठ झाला तो झालाच. नळ दारात आला होता, पण तिथवर जायला आत्याबाईंना पाय उरले नव्हते. मग मामंजी जायला लागले. पारापाशी बायकांची रांग आणि तिच्यात हे म्हातारे गृहस्थ, खांद्याला पोचा पडलेली घागर. पहिल्या दिवशी बायकांनी वाट करून दिली, तर म्हणाले, "नाही, माझी पाळी येऊ द्या." मास्तरही कळशी घेऊन रांगेत होते. मामंजी त्यांना म्हणाले, "मास्तर, पेन्शन आभाळातून पडत नाही." मास्तर आधी दचकले आणि मग इतके ओशाळले की उलट तेच माफी मागायला लागले.

पुढे मुनशिपालटीने गरीब बायकांसाठी सूतिकागृह काढायचं ठरवलं आणि पट्टी वाढायची पुन्हा बोलणी सुरू झाली. पुन्हा आमच्याच ओट्यावर बैठक. कोणी म्हणे आमच्या घरात आता पाळणा हलायचा नाही, कोणी म्हणे सुइणी काय मेल्यात का, घरोघर फुकट तर होतंय. मामंजींना पुढाकार घ्या म्हणाले. मी दाराआड, तान्ही मुलगी मांडीवर, कान टवकारलेले. मामंजी उठले.

"फुकट कोण करतंय, तिला आधी विचारून या," ते म्हणाले. "मग मी बोलतो. माझी आता नळाची वेळ झाली."

आणि घागर घेऊन ओट्याच्या पायऱ्या उतरले. आत्याबाई खिडकीशी बसून होत्या. मामंजी भरून परत आले तेव्हा रोजच्यासारख्या म्हणाल्या, "दादा, दम घे जरा." ती घागर मामंजींनी पुढे कधीच दुसऱ्या कोणाला उचलू दिली नाही.